हिरड्यांचे उपचार: खरवडणे, कापणे, पुन्हा खरवडणे

सुश्रुतसंहितेत दंतमूलाचे, म्हणजे हिरड्यांचे, पंधरा रोग सांगितले आहेत. हिरडीतून सहज रक्त येते तो शीताद, पू-रक्त वाहून दात हलू लागतात तो दंतवेष्ट. दातांवर साचणाऱ्या कठीण थराला तिथे दंतशर्करा म्हटले आहे. वैद्याने दंतमूलाला इजा न करता ती शर्करा काढावी आणि मग मधात कालवलेले लाखेचे चूर्ण त्या जागी चोळावे, असा उपचार दिला आहे. दंतशंकू नावाचे हत्यारही शस्त्रांच्या यादीत आहे. थर काढायचा, पण हिरडी दुखवायची नाही, ही त्यातली अट फार मोलाची होती. विसाव्या शतकाचा मोठा भाग ती विसरण्यात आणि पुन्हा शिकण्यात गेला.

इ.स. १०००च्या सुमारास कॉर्दोबातील शल्यवैद्य अल्-झहरावी याने आपल्या ग्रंथात दात खरवडण्याच्या चौदा हत्यारांची चित्रे दिली. रुग्णाचे डोके मांडीवर घ्यावे, थर पूर्ण निघेपर्यंत खरवडावे आणि एका दिवसात काम उरकले नाही तर दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा बसावे, असे तो सांगतो. १७२८ साली पॅरिसमध्ये पियेर फोशार याचा दंतशल्यचिकित्सेवरचा ग्रंथ निघाला. त्याचीही वाट हीच: वेगवेगळ्या आकाराच्या हत्यारांनी किटण काढणे. दरम्यान १६८३ साली हॉलंडमधील लेवेनहूक याने स्वतःच्या दातांवरचा पांढरा साका भिंगाखाली धरून त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव पाहिले होते. पण त्या जीवांचा हिरडीच्या दुखण्याशी संबंध जोडला जायला पुढची दोनशे वर्षे गेली.

या उपचाराला स्वतंत्र विद्येचे रूप मिळाले ते अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावी. तिथले दंतवैद्य जॉन रिग्ज यांनी ११ डिसेंबर १८४४ रोजी आपले सहव्यवसायी होरेस वेल्स यांची दाढ नायट्रस ऑक्साइडच्या अमलाखाली काढली, त्यामुळे भुलीच्या इतिहासात त्यांचे नाव येते. त्यांचे खरे काम मात्र हिरड्यांचे. पू येऊन दात सैल होण्याचे कारण मुळावर बसलेले किटण व घाण हेच आहे, असे ते ठामपणे सांगत. हिरडी कापून टाकण्याला त्यांचा विरोध होता. हिरडीखाली हत्यार घालून मूळ स्वच्छ केले की हिरडी पुन्हा दाताला धरते, हे त्यांनी १८७०च्या दशकात मांडले. अमेरिकेत कित्येक वर्षे या दुखण्याला ‘रिग्जचा रोग’ म्हणत. आपल्याकडे रुळलेला शब्द पायोरिया, म्हणजे पू वाहणे.

रिग्ज यांची वाट पुढच्या पिढीने सोडली. युरोपात १८८० ते १९२० या काळात हिरडीवर सुरी चालू लागली. सुजलेल्या हिरडीची कड कापायची, खालचे हाड उघडे करायचे आणि ‘कुजलेले’ हाड घासून काढायचे, असा क्रम होता. बर्लिनचे रॉबर्ट न्यूमान आणि स्वीडनचे लिओनार्ड विडमन यांनी हिरडीचा पडदा बाजूला सारून मूळ दिसेल अशा शस्त्रक्रिया बसवल्या. हाड मेलेले असते ही समजूत मात्र चुकीची होती. १९३५ साली रुडॉल्फ क्रोनफेल्ड यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले की ते हाड कुजलेले नसते. शेजारच्या दाहामुळे ते झिजते, आणि दाह थांबला की झीजही थांबते.

याच काळात त्याहून मोठी चूक दात उपटण्याची झाली. १९१० साली ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी माँट्रियल येथील भाषणात तोंडातल्या सडक्या दातांवर आणि त्यांवर चढवलेल्या सोन्याच्या कामावर कडक टीका केली. त्यातून असा समज पसरला की सांधेदुखीपासून अशक्तपणापर्यंत अनेक रोगांचे विष दातांतून अंगात भिनते. मग लोकांचे वाचवण्यासारखे दातही काढले गेले, कित्येकांच्या पूर्ण बत्तिशा गेल्या. १९३८ साली सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी संधिवाताच्या २०० रुग्णांचा आढावा घेतला. दात किंवा टॉन्सिल काढल्याने त्यांना फायदा झाल्याचे दिसले नाही. तोवर अनेकांनी कवळ्या लावलेल्या होत्या. दात टिकवण्याच्या बाजूने उभी राहिलेली ‘अमेरिकन अकादमी ऑफ पेरिओडाँटॉलॉजी’ १९१४ साली ग्रेस रॉजर्स स्पॉल्डिंग आणि जिलेट हेडन या दोन स्त्री-दंतवैद्यांनी स्थापन केली होती, हे इथे आवर्जून सांगायला हवे.

औषधाचा पहिला मोठा प्रयोगही तेव्हाचाच. न्यू ऑर्लीन्सचे डॉ. चार्ल्स बास यांनी १९१५च्या सुमारास पायोरियाचे कारण तोंडातला अमिबा असल्याचे मानून आमांशावरचे एमेटीन टोचायला सांगितले. ते निष्फळ ठरले. बास यांचा मोठेपणा असा, की निवृत्तीनंतर ते पुन्हा दातांकडे वळले आणि दात व हिरडी यांच्यामधल्या फटीत मऊ ब्रशचे केस ४५ अंशांत टेकवून हलके हलवण्याची पद्धत त्यांनी बसवली. आज आपल्याकडचे दंतवैद्य रुग्णाला जबड्याचा नमुना हातात धरून जी पद्धत दाखवतात, ती हीच.

१९५०च्या दशकात दात कोरण्यासाठी बनवलेले अल्ट्रासॉनिक यंत्र किटण काढायच्या कामी आले. सेकंदाला सुमारे पंचवीस हजार वेळा थरथरणारे टोक आणि त्यावर पाण्याचा फवारा यांमुळे तासाभराचे काम लवकर होऊ लागले. ‘क्लीनिंग केलं आणि दात हलायला लागले’ ही महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येणारी तक्रार इथे समजून घेण्यासारखी आहे. खालच्या पटाशीच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिभेखाली लाळेची वाट उघडते तिथे, किटणाचा थर वर्षानुवर्षे चढतो आणि सैल झालेल्या दातांना गिलाव्यासारखा जखडून ठेवतो. तो काढला, सूज उतरली, हिरडी आकसली की फटी दिसतात आणि थंड पाण्याने दात शिवशिवतात. हाड आधीच झिजलेले असते, फक्त ते आता कळते. या भीतीपायी उपचार टाळून गमावलेले दात फार आहेत. तंबाखूच्या मिश्रीने हिरडी ‘घट्ट’ होते, हा समजही तितकाच घातक. तंबाखूमुळे हिरडीतले रक्त दबते, रोग मात्र आत चालू राहतो.

नेमके काय खरवडायचे, याचे उत्तर डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे मिळाले. १९६५ साली हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे बंद करायला लावले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. किटण हा जिवाणूंच्या थराला आसरा देणारा दगड आहे, खरा गुन्हेगार तो मऊ, चिकट थर, हे यातून सिद्ध झाले. १९७० साली लो आणि श्योट यांनी ०.२ टक्के क्लोरहेक्झिडीनच्या गुळण्यांनी हा थर रोखता येतो, हेही दाखवले.

पण घाण सारखीच असताना रोग सगळ्यांना सारखाच होतो का? याच लो यांनी १९७० ते १९८५ या काळात श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांतील ४८० पुरुष मजुरांची पाहणी केली. त्यांना दात घासण्याची सवय नव्हती, दंतवैद्य ठाऊक नव्हता. तरीही सुमारे ८ टक्क्यांचे हाड झपाट्याने झिजले, ८१ टक्क्यांचे मध्यम गतीने, आणि ११ टक्के लोकांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. थराइतकीच त्याला तोंड देणारी शरीराची घडणही महत्त्वाची, हे तेव्हा पटले.

शस्त्रक्रियाही सौम्य झाली. १९७४ साली रॅमफ्योर्ड आणि निस्ल यांनी विडमन यांची पद्धत बदलून घेतली. पडदा उचलायचा तो मूळ दिसण्यापुरता, हाडाला जमेल तितका हात लावायचा नाही, आणि हिरडी दाताला घट्ट शिवून टाकायची. १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये बॅडरस्टेन, निल्व्हेउस आणि एगेलबर्ग यांनी दाखवले की एका मुळाच्या दातांत खोल पॉकेटही (हिरडी दातापासून सुटून पडलेल्या फटी) केवळ खरवडून, न कापता, बरीच सुधारतात. हाताने खरवडा किंवा यंत्राने, निकाल सारखाच. रिग्ज यांचे म्हणणे शंभर वर्षांनी मापपट्टीवर उतरले. दाढांची गोष्ट वेगळी. मुळे जिथे फाकतात त्या खाचेत हत्यार पोचत नाही, म्हणून तिथे आजही शस्त्रक्रिया लागते.

गमावलेला आधार परत उभा करण्याची सुरुवात १९८२ची. नीमन आणि सहकाऱ्यांनी खालच्या पटाशीच्या एका दाताभोवती हिरडीखाली गाळणकागदासारखा पडदा ठेवला. हिरडीच्या पेशी भराभर खाली उतरून जागा अडवतात, त्यांना थोपवल्यावर मुळाभोवतीच्या मंद पेशींना वाढायला वेळ मिळाला आणि नवा बंध तयार झाला. पुढे विरघळणारे पडदे आले, हाडाची भर आली, डुकराच्या कोवळ्या दातकळ्यांपासून काढलेली इनॅमलची प्रथिनेही आली. उभ्या, अरुंद खड्ड्यांत यांचा चांगला उपयोग होतो, सर्व बाजूंनी समान झिजलेल्या हाडावर होत नाही.

प्रतिजैविकांच्या वाटेवर एक योगायोग आहे. १९६२ साली योनिमार्गाच्या संसर्गासाठी मेट्रोनिडॅझोल घेणाऱ्या एका स्त्रीच्या दुखऱ्या, व्रण पडलेल्या हिरड्याही बऱ्या झाल्या, असे डेव्हिड शिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये कळवले. १९८९पासून मेट्रोनिडॅझोल आणि अमॉक्सिसिलिन यांची जोडी तरुणांतील झपाट्याच्या रोगात वापरली जाऊ लागली. थर तसाच ठेवून नुसत्या गोळ्या दिल्या तर औषध त्या थरात नीट शिरत नाही.

२०१८ साली जाहीर झालेल्या वर्गीकरणाने रोगाच्या चार अवस्था आणि वाढीच्या गतीच्या तीन श्रेणी ठरवल्या. श्रेणी ठरवताना धूम्रपान आणि मधुमेह मोजले जातात. हिरड्यांच्या उपचारानंतर मधुमेहींची तीन महिन्यांची सरासरी साखर अर्ध्या टक्क्याच्या आत, पण निश्चित उतरते, असे चाचण्यांत दिसले आहे. हिरडीरोगतज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शिकेत क्रम असा: आधी ब्रश, दातांच्या फटींतली सफाई, तंबाखू बंद आणि हिरडीवरची स्वच्छता. मग हिरडीखाली खरवडणे. काही आठवड्यांनी पॉकेट पुन्हा मोजायचे. चार-पाच मिलिमीटर उरले तर पुन्हा खरवडायचे, सहा किंवा अधिक उरले तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा. त्यानंतर दर तीन ते बारा महिन्यांनी तपासणी, आणि ती आयुष्यभर.