लट्टलूरच्या राजांची पदके

राष्ट्रकूट नृपतींनी ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवले, ते लट्टलूर म्हणजेच लातूर असे इतिहासज्ञ मानतात, आणि तिसऱ्या कृष्णाच्या स्मृतीने भारलेले कंधारही याच मुलखात, नांदेड जिल्ह्यात आहे. तेव्हा येथील संग्राहकाला त्या राजांची मुखमुद्रा असलेले एखादे प्राचीन स्मृतिपदक आपल्या संग्रही असावे असे वाटले, तर ती ओढ मला अत्यंत स्वाभाविक वाटते.

परंतु असे पदक मुळात नाही. प्रसंगविशेषाचे स्मरण म्हणून राजाच्या मुखाचे पदक घडवण्याची प्रथा युरोपातदेखील १४३८ च्या सुमारास पिसानेल्लो या चित्रकारापासून रूढ झाली. आपल्याकडे विजय आणि दान यांचे स्मरण शिळेवर व ताम्रपटावर कोरले जाई. ताम्रपटाच्या कडीला जोडलेली गरुडचिन्हांकित मुद्रा कधी तुटून वेगळी होते आणि पदक म्हणून विकली जाते; पण दस्तऐवजापासून दुरावलेली ती मुद्रा कोणाच्या कोणत्या दानाची, हे मग कोण सांगणार?

नाण्यांविषयीचा भ्रम अधिक जुना आहे. नाशिककडील देवळाणे येथे सापडलेली, एका बाजूस मुखवटा व दुसऱ्या बाजूस नंदी असलेली ‘कृष्णराज’ नावाची चांदीची नाणी प्रथम राष्ट्रकूट कृष्णाची मानली गेली. पुढे ती सहाव्या शतकातील कलचुरी कृष्णराजाची ठरली. त्यांवरील चेहरा पूर्वीच्या नाण्यांवरून उतरत आलेला ठराविक ठसा आहे, त्या राजाची तसबीर नव्हे. त्यांचे चलन मात्र दीर्घायुषी ठरले; ७१० च्या सुमाराच्या अंजनेरी ताम्रपटातही ‘कृष्णराजरूपका’चा उल्लेख येतो. राष्ट्रकूट लेखांत द्रम्म, सुवर्ण, गद्याणक ही नावे आढळतात, तथापि त्या सम्राटांचे म्हणून निर्विवाद सिद्ध झालेले नाणे आजवर हाती नाही.

हिरवा गंज म्हणजे प्राचीनत्व, हीही भ्रांतीच. तो रसायनांनी थोड्या अवधीत चढवता येतो. उलट अस्सल तांब्यावरचा गंज चिंचेने घासून काढणे म्हणजे त्यावरील अक्षरांचा घात करणे होय. नवव्या शतकातील राजाच्या नावाखाली आजच्या वळणाची देवनागरी आणि इसवी सनाचा आकडा दिसला, तर वस्तू खुशाल परत करावी.

नांगराला लागलेला ठेवा सरकार फुकट हिरावून घेते, या भीतीने तो मुकाट्याने वितळवला जातो, हे मात्र मनाला फार लागते. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. आणि सरकारने तो संपादन केल्यास धातूची किंमत व वर तिचा पाचवा हिस्सा हक्कदारांना द्यावयाचा असतो. त्या लेखी सूचनेत काय, किती किमतीचे, कोठे आणि केव्हा सापडले, हे नमूद करावयाचे असते, आणि यांतील ‘कोठे’ हे एकच उत्तर संशोधकाला सोन्याहून अधिक मोलाचे असते.