सहा सुतांचं इंजिन

माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली तेव्हा आत काय आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी कडी उघडताना हात थबकला. वर्तमानपत्रात गुंडाळलेले बिडाचे काही तुकडे, गनमेटलचे बारके ठोकळे, एक गंजलेली पोलादी सळी आणि घड्यांवर फाटलेला आराखडा. १९८४ साली मामानं इंग्लंडहून आणून दिलेला ‘स्टुअर्ट टेन-व्ही’चा संच. पॉलिटेक्निकला असताना एका सुट्टीत मी त्याचं चाक तेवढं कातलं होतं. मग नोकरी लागली, बदल्या झाल्या, आणि उरलेले तुकडे ओतशाळेच्या वाळूतून निघाले तसेच राहिले.

“म्हणजे एवढी वर्षं मी आकाशकंदील भंगारावर ठेवत होते,” बायको म्हणाली.

हे भंगार नीट कातून जोडलं की एक उभं वाफेचं इंजिन तयार होतं. सिलिंडरचा व्यास पाऊण इंच, पिस्टनची धाव पाऊण इंच, चाक तीन इंचांचं. आपल्याकडच्या मिस्त्रींच्या मापात सहा सूत बाय सहा सूत. पिस्टन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना जेमतेम साडेपाच घनसेंटिमीटर जागा मोकळी करतो. चहाचा एक चमचा म्हणा ना. पण ही शोकेसमध्ये ठेवायची प्रतिकृती नव्हे. वाफ दिली की हे इंजिन फिरतं, आणि वाफ कुठून शिरते, कुठून निसटते, सगळं मोठ्या इंजिनासारखंच.

मॉडेल इंजिनिअरिंग हा मूळचा इंग्रजांचा नाद. १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनमध्ये याच विषयाला वाहिलेलं नियतकालिक काढलं आणि त्याच वर्षी हौशी मंडळींची संस्थाही उभी राहिली. परसातली शेड, एक लहान लेथ आणि रविवार, एवढं भांडवल. दुसऱ्या महायुद्धानंतर नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमध्ये बनणारा मायफर्ड एमएल-७ हा लेथ १९४६ साली आला आणि त्या शेडचं जणू कुलदैवत झाला. मामा ज्यांच्या घरी भाड्यानं राहायचा त्यांच्याकडे तो होता. पत्रातून त्याचं वर्णन वाचून मी झुरायचो.

मला मायफर्ड कुठला मिळायला! भोसरीतलं एक छोटं वर्कशॉप बंद होत होतं, तिथून तीन फुटी बेडचा जुना देशी लेथ उचलला. चौघांनी तो पाइपांवरून घरंगळवत मागच्या खोलीत आणला. शेजारच्या काकूंनी काळजीनं विचारलं, “याला किती वीज लागते हो?” मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची, म्हणजे पावणेचारशे वॉटच्याही आतली. त्यांच्या स्वयंपाकघरातला मिक्सर साडेसातशेचा. पोलाद कापणाऱ्या यंत्रापेक्षा खोबरं वाटणारं यंत्र दुप्पट ताकदीचं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. गोम वेगात आहे: मिक्सर सगळी ताकद वेगावर उधळतो, तर लेथ पट्टे आणि गिअर लावून वेग उतरवतो आणि त्या बदल्यात जोर घेतो.

लेथ बसवणं म्हणजे तो टेबलावर ठेवून बोल्ट आवळणं, अशी माझी समजूत होती. बोल्ट आवळले. इंचभर जाडीची सळी चकच्या जबड्यांत धरली, वीतभर बाहेर ठेवली, तिच्या दोन्ही टोकांना हलका कट घेतला आणि मायक्रोमीटर लावला. टोकांत तीन शतांश मिलिमीटरचा फरक. तीन शतांश म्हणजे केसाच्या निम्मं. पण सहा सुतांच्या सिलिंडरमध्ये पिस्टन बसवायचा तर एवढ्या फरकात वाफ बाजूनं पळून जाते.

दोष लेथचा नव्हता, माझ्या टेबलाचा होता. दोन-सव्वादोनशे किलोच्या लेथचा बिडाचा बेड आपल्याला अचल वाटतो. प्रत्यक्षात एक पाय जरा उंच असला आणि बोल्ट आवळला, की तो ओल्या फडक्यासारखा पिळला जातो, अर्थात अगदी किंचित. मग टूल सरळ रेषेत न जाता तिरकं सरकतं. गंमत म्हणजे लेथ पाणसळीत असायलाच हवा असं नाही. जहाजांवरचे लेथ डुलत डुलतच काम करतात. बेडला पीळ नसला की झालं. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. त्याची कात्रणं टेलस्टॉककडच्या, म्हणजे चकच्या विरुद्ध टोकाच्या, एकेका पायाखाली सरकवायची, बोल्ट आवळायचा, पुन्हा कट, पुन्हा माप. तिसऱ्या संध्याकाळी दोन्ही टोकांची मापं जुळली. बिडाचं यंत्र सरळ केलं ते फेकून दिलेल्या डब्यानं.

इथं माझ्या डोक्यात एक प्रश्न घर करून बसला. या लेथचा बेड सरळ, कारण तो त्याहून सरळ यंत्रावर घासला गेला. ते यंत्र सरळ, कारण त्याच्याही आधीचं यंत्र सरळ होतं. असं मागे मागे जात राहिलं तर पहिली सरळ वस्तू आली कुठून?

उत्तर जोसेफ व्हिटवर्थच्या नावाशी जोडलेलं आहे. १८४० मध्ये ग्लासगोला त्यानं ते जाहीरपणे मांडलं. बिडाच्या दोन पाट्या घ्या. एकीला निळा रंग पुसा, दुसरी तिच्यावर टेकवा. जिथं रंग लागला ते उंचवटे हातातल्या स्क्रेपरनं खरवडा. शेवटी दोन्ही पाट्या एकमेकींना सगळीकडे टेकतील. पण तेवढ्यानं त्या सपाट झाल्या असं होत नाही. एक वाटीसारखी खोलगट आणि दुसरी तेवढीच फुगीर असली तरी त्या जुळतातच की! म्हणून तिसरी पाटी घ्यायची. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी, असं आळीपाळीनं जुळवत राहायचं. आता सुटका नाही. पहिली खोलगट असेल, तर तिच्याशी जुळायला बाकी दोघी फुगीर व्हायला हव्यात आणि दोन फुगीर पाट्या एकमेकींशी जुळत नाहीत. तिन्ही एकमेकींशी जुळतात ती एकच अवस्था: तिन्ही सपाट.

पुन्हा वाचा हे. मोजपट्टी नाही, गुनिया नाही, आधीची कुठलीच अचूक वस्तू नाही. तीन ओबडधोबड पाट्या, थोडा रंग, एक हात आणि बख्खळ चिकाटी. यातून जो सपाटपणा निघतो तो बनवणाऱ्याच्या एकाही हत्यारात आधी नव्हता. माझ्या मते औद्योगिक क्रांतीतला सगळ्यांत देखणा युक्तिवाद हाच. कॉलेजात आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. सरफेस प्लेटला, म्हणजे अशाच सपाट पाटीला, नुसता हात लावला तरी मेस्त्री ओरडायचे तेवढं आठवतं. आज मी हौसेपुरतं काम १२ मिलिमीटरच्या फ्लोट काचेवर भागवतो. ती काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनते, त्यामुळे तिची सपाटी गुरुत्वाकर्षणानं फुकट दिलेली.

व्हिटवर्थ ज्यांच्या कारखान्यात घडला ते हेन्री मॉड्स्ली. लाकूड कातणं आपल्याला नवं नाही. सावंतवाडीची कातीव खेळणी घरोघरी आहेत. पण कातारी पटाशी हातानं धरतो, त्यामुळे कातकामाची अचूकता त्याच्या मनगटात असते. १८०० च्या सुमारास मॉड्स्लीनं टूल हातातून काढून यंत्राच्या सरकत्या बैठकीत घट्ट बसवलं आणि ती बैठक स्क्रूनं चालवली. त्या स्क्रूला गिअर जोडले की जुन्या स्क्रूवरून हव्या त्या आट्यांचा नवा स्क्रू कातता येतो. हँडलचा एक फेरा म्हणजे ठरावीक अंतर; फेऱ्याचे शंभर भाग केले की अंतराचेही शंभर भाग झाले. माझ्यासारख्या चष्मेवाल्याच्या थरथरत्या हाताला शतांश मिलिमीटर झेपतो, तो या एका बदलामुळे.

थरथर खरी होती. चार जबड्यांच्या चकमध्ये सिलिंडरचं ओतीव मधोमध आणायला कॉलेजात मला पाच मिनिटं लागायची. आता पाऊण तास गेला. डायल गेजचं टोक जॉबवर टेकवायचं, चक हातानं फिरवायचा. काटा एका जबड्यापाशी चाळीसवर, समोरच्यापाशी शून्यावर. फरकाच्या निम्मं, म्हणजे वीस शतांश सरकवायचं: आधी एक जबडा किंचित सैल, मग समोरचा घट्ट. मी दरवेळी आख्खे चाळीस सरकवत होतो आणि काटा बरोबर उलटीकडे पळत होता. मग कधीतरी डोकं बाजूला झालं आणि बोटांनीच पाना अर्ध्यावर थांबवला. काटा जागचा हलेना. चक फिरतोय आणि काटा ढिम्म, हे दृश्य किती समाधानाचं असतं ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

बिडाचा पहिला कट मात्र धीटपणे घ्यावा लागतो. ओतिवाच्या सालीत वाळूचे कण रुतलेले असतात आणि साल लवकर थंड झाल्यानं कडकही असते. भीतभीत पातळ कट घेतला तर टूलची धार त्या सालीवरच घासून मरते. टूल एकदम सालीखाली घालायचं, मग आतलं बीड लोण्यासारखं निघतं. त्यात ग्राफाइट असतो, म्हणून तेलाशिवाय कापतात. हात मात्र कोळसेवाल्याचे होतात. ती काळी पूड तेलकट बेडवर राहिली की पॉलिश पेपरचं काम करते, त्यामुळे रोज रात्री झाडलोट. बायकोच्या मते या नादाचा हा एकमेव फायदा.

माप घेण्याचीही एक गंमत आहे. जगभरची मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. पुण्यात मे महिन्यात २० अंश शोधायचे कुठे? त्यात नुकताच कापलेला जॉब हाताला चटका देणारा. इंचभर पोलाद तीस अंशांनी तापलं की जवळपास एक शतांश फुगतं. गरम असताना बरोबर बसलेला पिस्टन चहा पिऊन येईपर्यंत सैल झालेला असतो. मी एक वाया घालवला, तेव्हापासून आधी चहा.

इंजिन झालं की बॉयलर. खरी जादू तिथं आहे. मोठी वस्तू सगळ्या बाजूंनी सारख्या प्रमाणात लहान केली की काम झालं असं वाटतं. तसं होत नाही. साडेतीन इंची रुळांवरची इंग्लिश पद्धतीची आगगाडी खऱ्याच्या एक सोळांश असते. खऱ्या बॉयलरमधून धूर नेणाऱ्या शंभरावर नळ्या जातात, प्रत्येक साधारण दोन इंचांची. सोळानं भागा: एक सूत. एवढ्या बारीक नळीतून धूर जाईना, काजळीनं ती तासाभरात तुंबते. रुळांचं माप तुम्ही घटवलंत म्हणून हवेचा चिकटपणा घटत नाही. धुराला आपण खेळण्यात आहोत हे माहीतच नसतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हणूनच बऱ्याच जाणकारांचं मत होतं, की छोट्या इंजिनांना कोळसा झेपणार नाही, त्यांना स्पिरिटचे दिवेच बरे. १९२० च्या दशकात ‘एलबीएससी’ या टोपणनावानं लिहिणाऱ्या एका माजी रेल्वे कामगारानं हे खोडून काढलं. त्याची ‘आयेशा’ अडीच इंची रुळांवर चालायची, कोळसा खायची आणि मोठ्या माणसाला ओढून न्यायची. तेव्हा पेटलेला वाद ‘बॉयलरांची लढाई’ म्हणून अजून सांगितला जातो. जमलं कसं? कोळसा ठेवला, आग ठेवली, पण नळ्या कमी आणि हिशेबापेक्षा जाड केल्या. साडेतीन इंची गाडीत आज एक सुताऐवजी तीन सुतांच्या नळ्या सर्रास घालतात. पुढे या युक्तीला आकडेही मिळाले: नळीची लांबी भागिले आतल्या व्यासाचा वर्ग, इंचांत, पन्नास ते सत्तरच्या दरम्यान हवं. इतक्या ओबडधोबड नियमावर इतकी इंजिनं धावतात, याचं मला नवल वाटतं.

माझ्या बॉयलरचा तांब्याचा पत्रा अजून कोपऱ्यात उभा आहे. चांदीच्या सोल्डरनं जोड भरायचे, मग आत गच्च पाणी भरून चालवायच्या दुप्पट दाब द्यायचा. हवा न देता पाणी यासाठी, की पाणी दबत नाही. जोड सुटलाच तर स्फोट होत नाही, नुसती चिळकांडी उडते. तो उद्योग पावसाळ्यानंतर.

तोवर चैन पडेना. गाडीची स्टेपनी घरात आणली, व्हॉल्व्हला नळी जोडली आणि बत्तीस पौंड दाबाची हवा टिचकी टिचकीनं इंजिनात सोडली. काही नाही. एकाच सिलिंडरचं इंजिन टोकावर अडलं की स्वतःहून सुटत नाही. चाकाला बोटानं धक्का दिला. फुस्स. पुन्हा दिला. फुस्स, फुस्स, आणि मग ते सुटलंच. १९८४ साली कातलेलं चाक गरगर फिरत होतं, टेबलावरचा चष्मा थरथरत कडेला सरकत होता. बायको कणकेच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. फिरणाऱ्या चाकाकडे, मग भिंतीवर चिकटवलेल्या आराखड्याकडे बघितलं तिनं.

“अहो, हे उलटं फिरतंय ना? तुम्ही पेन्सिलीनं काढलेला बाण या बाजूला आहे.”

बाण खरंच होता, एकविसाव्या वर्षीच्या माझ्या अक्षरात. इंजिनाला दिशा पिस्टन देत नाही, ती देतो एक्सेंट्रिक. वाफेचं दार उघडझाप करणारी ही चकती क्रँकच्या पुढे नव्वद अंशांहून थोडी जास्त असेल तर इंजिन एकीकडे फिरतं, तितकीच मागे असेल तर दुसरीकडे. मी ती मागे बसवली होती. स्टेपनीची नळी काढली, आणि एक्सेंट्रिकचा स्क्रू सैल करायला बारकी ॲलन की शोधू लागलो.