कळांचे व्याकरण : ‘एलीट’ या अवकाशयुद्धाच्या खेळातील नियंत्रणांचे अध्ययन

एखाद्या भाषेचा शब्दकोश मुखोद्गत केल्याने ती भाषा अवगत होत नाही, हे भाषाभ्यासकाला नव्याने सांगावयास नको. शब्द ठाऊक असणे वेगळे आणि बोलता येणे वेगळे. हे तत्त्व केवळ नैसर्गिक भाषांपुरतेच खरे आहे, की मनुष्याने हेतुपुरस्सर रचलेल्या कृत्रिम चिन्हव्यवस्थांनाही ते लागू पडते, असा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रस्तुत लेखात एक लहान, आटोपशीर व सर्व बाजूंनी बंदिस्त असे उदाहरण घेतले आहे. ते म्हणजे ‘एलीट’ या संगणकीय खेळातील यान चालविण्याच्या कळांची व्यवस्था होय.

केंब्रिज विद्यापीठातील डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी रचलेला हा खेळ इंग्लंडमध्ये ॲकॉर्नसॉफ्ट या संस्थेने १९८४ साली बीबीसी मायक्रो या संगणकासाठी प्रसिद्ध केला. त्या संगणकाची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती. तरीही तीत ८ दीर्घिका व प्रत्येक दीर्घिकेत २५६ ग्रहमाला सामावलेल्या होत्या. खेळाडूच्या हाती एक यान, १०० क्रेडिट एवढे भांडवल, ३ क्षेपणास्त्रे आणि समोरच्या बाजूस बसविलेले एक साधे लेसर एवढीच सामग्री देऊन त्याला व्यापार व युद्ध यांसाठी अवकाशात सोडण्यात येते. खेळासोबत यानचालनाचे एक माहितीपुस्तक मिळत असे. ते वाचून झालेला खेळाडू पहिल्याच प्रवासाच्या शेवटी स्थानकाच्या भिंतीवर आदळून नष्ट होतो, हा नवशिक्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे. पुस्तकातील कोणतीही कळ त्याला अज्ञात नसते. तरीही असे का व्हावे?

१. चिन्हांचे तीन वर्ग

प्रथम या कळांचे वर्गीकरण पाहू. चिन्ह आणि त्याचा अर्थ यांच्यातील संबंध किती सहेतुक आहे, या निकषावर त्यांचे तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात अक्षरावरून अर्थ सुचविणाऱ्या कळा येतात. क्षेपणास्त्राच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर एम, म्हणून ते सोडण्यासाठी एम. दुसऱ्या ग्रहमालेकडे जाणाऱ्या हायपरस्पेस-उड्डाणासाठी एच. त्याच ग्रहमालेतील लांब झेपेसाठी, म्हणजे ‘जंप’साठी, जे. दुसऱ्या वर्गात आकृतीनेच अर्थ दर्शविणाऱ्या कळा आहेत. डावीकडे टोक असलेले कोनचिन्ह यानाला डाव्या कुशीवर वळविते, उजवीकडे टोक असलेले उजव्या कुशीवर. पर्सच्या परिभाषेत ही प्रतिमारूप चिन्हे होत. तिसऱ्या वर्गात एस, एक्स व ए या कळा मोडतात. एसने यानाचे नाक खाली झुकते, एक्सने वर उचलले जाते, एने लेसर सुटते. येथे अक्षर आणि क्रिया यांत कोणतेही नाते नाही. सोस्यूरने ज्याला यादृच्छिकता म्हटले, ती येथे शुद्ध स्वरूपात आढळते.

तथापि ही यादृच्छिकता अकारण नाही. कळफलकावर एस वर असून एक्स तिच्या खाली आहे. म्हणजे वरची कळ दाबली असता नाक खाली जाते. नवशिक्याला हे उलटे वाटते व तो नेमका येथेच चुकतो. परंतु विमानाचा दांडा पुढे लोटला की विमान खाली झुकते आणि मागे ओढला की वर चढते, हा संकेत ध्यानात घेतल्यास एस म्हणजे ‘पुढे’ व एक्स म्हणजे ‘मागे’ असा उलगडा होतो. एका व्यवस्थेतून दुसरीत उसना आलेला शब्द जसा आपल्या मूळ भाषेचा इतिहास बरोबर घेऊन येतो, तसाच हा प्रकार आहे.

विशेष हे की, ज्या सात कळा उड्डाणात सतत लागतात, त्या कळांच्या बाबतीत अक्षराच्या आधारे स्मरण ही सोय नाही. एस, एक्स, ए या डाव्या हाताखाली. दोन कोनचिन्हे व वेग कमी करणारी प्रश्नचिन्हाची कळ उजव्या हाताखाली. आणि वेग वाढविणारी लांब रिकामी कळ अंगठ्याखाली. स्मरणास सोपी चिन्हे क्वचित लागणाऱ्या क्रियांना आणि हातास सोपी चिन्हे नित्याच्या क्रियांना, अशी ही वाटणी आहे. जे बोटांनी शिकावयाचे आहे, त्याला अक्षराच्या आधाराची गरज नसते.

२. संदर्भ आणि अनेकार्थता

मराठीत ‘कर’ हा शब्द हात, सारा आणि आज्ञा असे तीन अर्थ देतो, पण ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. कारण संदर्भ अर्थनिश्चिती करतो. या खेळातही कळफलकाच्या माथ्यावरील क्रमांकित कळांपैकी पहिल्या चार अशाच अनेकार्थी आहेत. यान स्थानकात असता शून्य क्रमांकाची कळ उड्डाण करविते. अवकाशात तीच समोरचे दृश्य दाखविते. एक क्रमांकाची कळ स्थानकात माल विकत घेण्यासाठी, तर अवकाशात मागचे दृश्य पाहण्यासाठी आहे. नकाशे व बाजारभाव दाखविणाऱ्या पुढील कळांचा अर्थ मात्र दोन्ही ठिकाणी स्थिर राहतो.

याहून सूक्ष्म प्रकार मागील दृश्याचा होय. तेथे एक्स दाबली तरी नाकच वर जाते, म्हणजे शेपूट खाली जाते. परिणामी पडद्यावरील ताऱ्यांची हालचाल समोरच्या दृश्याच्या उलट दिसते. कळेचा अर्थ बदललेला नसतो, केवळ द्रष्ट्याचे स्थान बदललेले असते. ‘इकडे’ आणि ‘तिकडे’ यांसारखे वक्त्यावर अवलंबून असलेले शब्द शिकताना लहान मुलास जी अडचण येते, तीच ही.

३. अन्वय

वर्गीकरण व संदर्भ यांपाशी विवेचन थांबविल्यास मूळ प्रश्न सुटत नाही. या यानाला नाक थेट डावी-उजवीकडे वळविण्याची सोयच नाही. उजवीकडे जाणे ही क्रिया एका कळेने व्यक्त होत नाही. आधी यान उजव्या कुशीवर वळवावे आणि मग नाक उचलावे, तेव्हा ती सिद्ध होते. म्हणजेच ‘उजवीकडे वळ’ हा शब्द नसून वाक्य आहे. माहितीपुस्तकातील यादीत हे वाक्य कोठेही सापडणार नाही; कारण यादी पदांची असते.

वाक्यार्थ सिद्ध होण्यास आपल्या शास्त्रकारांनी आकांक्षा, योग्यता व सन्निधी या तीन अटी सांगितल्या आहेत. त्या येथे आश्चर्यकारक रीतीने जुळतात. टी दाबून क्षेपणास्त्र सज्ज करावे, शत्रूचे यान मध्यबिंदूवर आणून लक्ष्य पक्के करावे आणि मग एम दाबावी. लक्ष्यावाचून दाबलेली एम निष्फळ ठरते, ही आकांक्षा. जवळपास दुसरे यान असता जे दाबूनही झेप घेता येत नाही, ही योग्यतेची अट. सन्निधीचे उदाहरण मात्र स्थानकप्रवेशाचे आहे, आणि नवशिक्याचा घात होतो तो तेथेच.

४. स्थानकप्रवेश

स्थानक सतत स्वतःभोवती फिरत असते व त्याचे आयताकार दार नेहमी ग्रहाच्या बाजूस असते. खेळाडूने ग्रह आणि स्थानक यांच्या मध्ये येऊन दारासमोर नाक धरावयाचे, वेग कमी करावयाचा आणि स्थानकाच्या फिरण्याशी आपले कुशीवर वळणे जुळवून दार आडवे दिसत असतानाच आत शिरावयाचे. यांतील प्रत्येक क्रिया त्याला येत असते. परंतु त्या एकाच क्षणी जुळून याव्या लागतात. क्षणाचा विलंब झाला की दार तिरपे होते. शिवाय कळ सोडताच वळण आपोआप शमत जाईल अशी योजना असल्याने कळ एकदा दाबून भागत नाही. थोडीथोडी, पुनःपुन्हा दाबावी लागते. हे काम आपोआप करणारे यंत्र १,५०० क्रेडिटना मिळते. १०० क्रेडिट घेऊन निघालेल्याला ते आरंभी परवडत नाही.

फिट्स व पोस्नर यांनी १९६७ साली कौशल्यप्राप्तीच्या तीन अवस्था वर्णिल्या : नियम समजून घेण्याची, क्रियांची सांगड घालण्याची आणि अखेरीस क्रिया अनायास होण्याची. माहितीपुस्तक पहिल्या अवस्थेपर्यंत पोहोचविते. दुसऱ्या अवस्थेसाठी एक सुलभ पाठ खेळातच दडलेला आहे. स्थानकातून बाहेर पडताच यानाचे तोंड ग्रहाकडे व पाठ दाराकडे असते. तेथेच वेग कमी करून नाक उचलत अर्धे वर्तुळ पुरे केले, की दार समोर येते. व्यापार व युद्ध यांचा विचार न करता एवढेच बाहेर पडणे आणि परतणे पुनःपुन्हा केल्यास कुशीवर वळणे, नाक उचलणे व वेग आवरणे या तिन्ही क्रियांचा अन्वय हातात बसतो. त्यानंतर दूरच्या ग्रहमालेत स्थानकाची योग्य बाजू शोधणे, शत्रूचा पाठलाग, क्षेपणास्त्रे अशी चढती श्रेणी घेता येते.

५. निष्कर्ष

यावरून असे म्हणता येईल की, कृत्रिम चिन्हव्यवस्थेतही पदज्ञान आणि वाक्यसामर्थ्य यांत मूलभूत अंतर आहे. गिल्बर्ट राइल याने १९४९ साली ‘अमुक आहे हे जाणणे’ आणि ‘अमुक कसे करावे हे जाणणे’ असा जो भेद केला, त्याचे हे लहानसे प्रात्यक्षिक होय. मात्र त्यावरून कळांची यादी निरुपयोगी ठरत नाही. कोशाशिवाय भाषा शिकणे कठीणच. पण कोश संपला की शिक्षण संपले, असे मानणारा विद्यार्थी भाषेच्या वर्गात केवळ मुका राहतो. येथे त्याचे यान भिंतीवर आदळते. भाषाशिक्षकाच्या दृष्टीने दुसरा प्रकार अधिक उपकारक म्हटला पाहिजे. कारण त्यात चूक तत्काळ दिसते आणि ती कोणत्या पदाची नसून अन्वयाची आहे, हेही लपून राहत नाही.