ब्रिटनमध्ये दंतवैद्य व्हायचं तर

भारतातल्या बीडीएस पदवीवर ब्रिटनमध्ये थेट नोंदणी होत नाही आणि जनरल डेंटल कौन्सिलच्या नोंदणीशिवाय दातांवर उपचार करणं तिथे गुन्हा आहे. नोंदणीचा रस्ता दोनपैकी एका परीक्षेतून जातो: कौन्सिलची ‘ओआरई’ किंवा रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स ऑफ इंग्लंडची ‘एलडीएस’. इंग्रजीसाठी आयएल्ट्समध्ये एकूण ७ आणि प्रत्येक विभागात किमान ६.५ गुण हवेत.

ओआरईचा पहिला भाग म्हणजे संगणकावरचे दोन पेपर. खरी कसोटी दुसऱ्या भागात लागते. कृत्रिम जबड्यातले दात कोरून भरायचे, रुग्णाची भूमिका करणाऱ्याशी बोलून उपचारांची आखणी मांडायची, खुर्चीत कुणी अचानक कोसळलं तर काय करायचं तेही करून दाखवायचं. या भागाचं शुल्क २०२२ मध्ये ४,२३५ पौंडांवर गेलं आणि संधी फक्त चार. शिवाय जागा मोजक्या. कोविडकाळात परीक्षा थांबल्याने रांग आणखी लांबली. एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा दंतवैद्य मिळत नाही म्हणून लोक दुखणं अंगावर काढत असताना शिकलेले हात असे ताटकळत ठेवणं अन्यायाचं आहे.

ही रांग लक्षात घेऊन दुसऱ्या भागाची जागा पक्की होईपर्यंत इथला दवाखाना बंद करू नका. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणीही चालू ठेवा. पुढे इंग्लंडमध्ये एनएचएसचे रुग्ण तपासायचे असतील, तर त्यासाठीच्या ‘परफॉर्मर्स लिस्ट’मध्ये स्वतंत्रपणे नाव नोंदवावं लागतं.