सुरत–औरंगाबाद–गोवळकोंडा मार्ग

सुरत–औरंगाबाद–गोवळकोंडा मार्ग हा सतराव्या शतकात गुजरातचा किनारा व दख्खनचे पठार यांना जोडणारा व्यापारी मार्ग होता. सुरतेच्या बंदरात उतरलेले युरोपीय व्यापारी औरंगाबादवरून (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) गोवळकोंड्याच्या कुतुबशाही राज्यात जात. मार्गाचा बराचसा भाग म्हणजे केवळ बैलगाड्यांच्या चाकोऱ्या होत्या. त्यामुळे परक्या मुलखातून सुखरूप जाणे हे वाहन, जनावरे, सोबत, परवाने आणि ऋतू यांच्या पूर्वतयारीवर अवलंबून असे. या तयारीचे तपशीलवार वर्णन फ्रेंच रत्नव्यापारी झाँ-बातीस्त ताव्हेर्निये (१६०५–१६८९) याच्या १६७६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात आढळते.

पार्श्वभूमी

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे वसविलेले नगर पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद म्हणून ओळखले जाऊ लागले व मोगलांच्या दख्खन सुभ्याचे मुख्य ठाणे बनले. पश्चिमेला सुरत हे मोगलांचे प्रमुख बंदर होते, तर आग्नेयेला गोवळकोंडा हिऱ्यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होता. या दोहोंमधील वाटेवर औरंगाबाद असल्यामुळे परदेशी प्रवाशांचा येथे मुक्काम पडे. ताव्हेर्नियेखेरीज झाँ द थेव्हनो (१६३३–१६६७) हा फ्रेंच प्रवासीही या भागातून गेला. त्याने औरंगाबाद व वेरूळच्या लेण्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे.

मार्ग व अंतर

ताव्हेर्नियेने सुरत ते गोवळकोंडा हे अंतर ३२४ कोस आणि २७ मजलांचे दिले आहे. सुरतेहून बारडोली, व्यारा, नवापूर व पिंपळनेर या मार्गाने गाड्या घाट चढून दौलताबाद व औरंगाबादला येत. नवापूरच्या बारीक, कस्तुरीसारख्या सुवासाच्या तांदळाची त्याने आवर्जून नोंद केली आहे. औरंगाबादपुढे अंबड व आष्टीवरून नांदेड आणि तेथून पुढे कुतुबशाही हद्द लागे.

वाहन आणि बैल

प्रवाशांसाठी दोन बैलांची हलकी गाडी भाड्याने मिळे. तिचे भाडे दिवसाला साधारण एक रुपया होते. बैलांची निवड हा तयारीतील महत्त्वाचा भाग होता. शिंगे फूटभरापेक्षा लांब असू नयेत, असा ताव्हेर्नियेचा सल्ला आहे. कारण माश्या चावल्या की बैल डोके मागे झटकतो आणि लांब शिंगांचा फटका गाडीत बसलेल्याच्या पोटात बसू शकतो. खडकाळ मुलखात दगडांमुळे व तापलेल्या जमिनीमुळे खुरांना इजा होऊ नये म्हणून बैलांना नाल ठोकत. मऊ जमिनीवर त्याची गरज नसे. बैलांना गव्हाच्या पिठात तूप व गूळ मळून केलेले गोळे आणि संध्याकाळी भरडून भिजवलेले हरभरे खाऊ घालत.

मालाच्या मोठ्या गाड्यांना दहा-बारा बैल जुंपत. अशा गाडीवरून दोन दोर आडवे टाकत आणि त्यांची चार टोके दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या चार शिपायांच्या हाती देत. वाईट जागी गाडी एका अंगाला कलली, की विरुद्ध बाजूचे शिपाई दोर ताणून ती उलटू देत नसत.

संरक्षण

मौल्यवान माल घेऊन एकट्याने निघणे धोक्याचे होते. म्हणून प्रवासी वीस-तीस हत्यारबंद शिपाई पगारावर ठेवत. काहींजवळ धनुष्यबाण, तर काहींजवळ बंदुका असत. प्रत्येकाला महिना सुमारे चार रुपये मिळत. शिपाई आपल्या नायकामार्फत घेतले जात व त्यांच्या इमानाची जबाबदारी त्या नायकावर असे. अनोळखी माणसांच्या हाती जीव सोपवणाऱ्या परदेश्याला हाच मोठा आधार होता.

परवाने व जकात

नांदेड येथे गोदावरी ओलांडावी लागे. स्थानिक लोक या नदीला गंगा म्हणतात आणि ताव्हेर्नियेनेही तेच नाव नोंदविले आहे. येथे दर गाडीमागे चार रुपये भरावे लागत, शिवाय तेथील अधिकाऱ्याचा लेखी परवाना घ्यावा लागे. कुतुबशाही राजधानीच्या वेशीवर परक्यांची झडती होई. मीठ व तंबाखू ही राज्याच्या उत्पन्नाची मोठी साधने असल्याने ती सोबत आहेत का, हे पाहिले जाई. आत जाण्याच्या परवानगीसाठी कधीकधी एक-दोन दिवस थांबावे लागे.

अडथळे

धान्य व मीठ वाहणाऱ्या वंजाऱ्यांच्या तांड्यांत कधीकधी दहा-बारा हजार बैल असत. अरुंद वाटेवर असा तांडा समोर आला, तर तो पुढे जाईपर्यंत दोन-तीन दिवस वाट पाहावी लागे. औरंगाबादपासून पाच मजलांवर ताव्हेर्नियेला संगमरवराने भरलेल्या तीनशेहून अधिक गाड्या भेटल्या. त्यांतील सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल होते. हा दगड बीबी का मकबऱ्याच्या बांधकामासाठी चालला होता. पावसाळ्यात नद्यांना पूर येई आणि मराठवाड्यातील काळ्या मातीत चाके रुतत. त्यामुळे कोरडा ऋतू हाच प्रवासाचा काळ होता.

आधुनिक प्रवासाशी तुलना

परदेशातील कच्च्या वाटांवर स्वतःचे वाहन नेणाऱ्या आजच्या प्रवाशाची तयारीही बरीचशी याच स्वरूपाची असते. नालांच्या जागी खडबडीत जमिनीला योग्य टायर आले आणि कलत्या गाडीच्या दोरांऐवजी ओढदोर व विंच आले. लेखी परवान्याचे काम परिवहन कार्यालयाकडून मिळणारा, एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना करतो. अनेक देशांत वाहन नेताना ‘कार्ने’ हा सीमाशुल्क दस्तऐवजही लागतो. वाहन विकले न जाता देशाबाहेर परत जाईल, याची ती हमी असते. एकट्याने न जाता दोन-तीन वाहनांनी मिळून निघणे, स्थानिक वाटाड्या घेणे आणि पावसाळा टाळणे या सावधगिऱ्या मात्र साडेतीनशे वर्षांनंतरही बदललेल्या नाहीत.