रात्रभर पुरेल असा एक पांढरा दिवा

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. पण रात्री पाण्यावर उभी असलेली होडी आहे आणि त्याच पाण्यावरून अंधारात जाणारा माणूसही आहे. आर्वी तालुक्यात धनोडीजवळ निम्न वर्धा प्रकल्पाचा फुगवटा, त्याच तालुक्यात महाकाळीचे धाम धरण. अशा पाण्यांवर मासेमार संध्याकाळी जाळी टाकतात आणि उजाडायच्या आत ती काढायला निघतात. डोंग्यात बसलेल्या माणसाची नजर पाण्यापासून जेमतेम दोन-अडीच फुटांवर असते. वाटेत कोणी नांगर टाकून थांबले असेल, तर काळ्या पाण्यावर तो काळा आकार त्याला दिसतो तो अगदी जवळ आल्यावर. थंडीच्या रात्री, अंगावर जड कपडे आणि पायात जाळे असताना डोंगा उलटला, तर पोहता येणाऱ्यालाही वाचणे कठीण जाते.

म्हणून थांबलेल्या होडीवर दिवा हवा. शिडाची होडी आपल्याकडे विरळा. ती पाहायची तर मांडवा, मालवण किंवा गोव्याला जावे लागते. पण तिथल्या छोट्या होडीची अडचण आणि आपल्या धरणावरच्या होडीची अडचण एकच आहे. वीस फुटांच्या होडीत बहुतेक वेळा कायमची वायरिंग नसते, मोठी बॅटरी नसते. नांगराचा दिवा तात्पुरताच असतो, सूर्य मावळताना टांगायचा आणि उजाडल्यावर उतरवायचा. तो कसा निवडावा, याचे उत्तर समुद्रावरच्या लोकांनी फार विचारपूर्वक शोधून ठेवले आहे.

जगभरची जहाजे ज्या नियमांनी चालतात, ते नौकांची टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १५ जुलै १९७७ पासून लागू झाले. त्यातला तिसावा नियम नांगरलेल्या नौकेचा. ५० मीटरपेक्षा कमी लांबीच्या नौकेला चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा पुरतो, आणि तो जिथून सर्वांत चांगला दिसेल तिथे लावायचा. दिवसा त्याच्या जागी काळा गोळा. ७ मीटरपेक्षा लहान होडीला यातून सूट आहे. मात्र ती अरुंद वाटेवर, जहाजांच्या मार्गात, नांगर टाकायच्या ठिकाणी किंवा जिथून इतर नौका नेहमी जातात अशा जागी नसेल, तरच. सूट सर्वांच्या लक्षात राहते, अट फार थोड्यांच्या. धरणातल्या मासेमारांच्या रोजच्या वाटेवर उभ्या असलेल्या होडीला ती सूट शोभत नाही. हे नियम मुळात खुल्या समुद्रासाठी आणि त्याला जोडलेल्या, समुद्री जहाजे जाऊ शकतील अशा पाण्यासाठी आहेत. धनोडीच्या पाण्याला ते कायद्याने लागू होत नाहीत. तरीही पाळावेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण धडक बसताना पाणी खारे की गोडे याने फरक पडत नाही.

दिवा किती प्रखर हवा? १२ मीटरपेक्षा लहान नौकेचा पांढरा दिवा स्वच्छ हवेत २ सागरी मैलांवरून, म्हणजे सुमारे ३.७ किलोमीटरवरून दिसला पाहिजे. त्यासाठी लागणारी प्रखरता नियमांच्या परिशिष्टात दिली आहे, ४.३ कॅन्डेला. एक कॅन्डेला म्हणजे ढोबळमानाने एका मेणबत्तीचा उजेड. चार-साडेचार मेणबत्त्यांएवढा उजेड साध्या एलईडीलाही जड नाही. तो चारही दिशांना सारखा पडणे आणि सकाळपर्यंत टिकणे, इथे बरेच दिवे नापास होतात.

बाजारात बागेत रोवायचे सौर दिवे मिळतात आणि होडीवाल्यांना त्यांचा मोह पडतो. हिशेब करून पाहा. अशा बऱ्याच दिव्यांत १.२ व्होल्टचा, ६०० मिलिअँपिअर-तासांचा एक छोटा सेल असतो. म्हणजे सारी साठवण पाऊण वॉट-तासाच्याही आत. डिसेंबरअखेर वर्ध्याची रात्र सूर्यास्त ते सूर्योदय सुमारे १३ तासांची असते. भागाकार केला की दिव्याच्या वाट्याला एका वॉटचा जेमतेम विसावा हिस्सा येतो. तेवढ्यात मिळणारा उजेड अर्ध्या मेणबत्तीच्या आसपास, तोही सेल नवा आणि दिवसभर ऊन कडक असेल तर. ढगाळ दिवसानंतर असा दिवा मासेमार निघायच्या वेळेआधीच मंदावतो.

जुना १० वॉटचा बल्ब १३ तास जाळायचा तर १३० वॉट-तास लागतात, १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ११ अँपिअर-तास. संगणकाच्या यूपीएसमध्ये असते ती ७ अँपिअर-तासांची बॅटरी यात पहाटेच्या बरीच आधी संपेल. त्याच बॅटरीवर २ वॉटचा एलईडी दिवा सव्वादोन अँपिअर-तासांत रात्र काढतो. शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये हा दंडकही पाळला जातो. पॉवर बँक वापरणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत नावाला ३७ वॉट-तास असतात, आणि ५ व्होल्टमध्ये बदलताना त्यातले बरेच खर्ची पडतात. तरी १ वॉटच्या दिव्याला रात्रभर पुरून उरतील. पण काही पॉवर बँका फार कमी वीज ओढली जात असली की फोन भरला असे समजून आपोआप बंद होतात. घरी रात्रभर लावून पाहिल्याशिवाय ती होडीवर नेऊ नये.

आता दिवा टांगायची जागा. पुष्कळांची समजूत अशी की जितका उंच तितका बरा, म्हणून डोलकाठीच्या टोकावर. भर समुद्रात ते बरोबर आहे, लांबचे जहाज लांबूनच पाहते. गर्दीच्या नांगरवाड्यात मात्र हा दिवा जवळून येणाऱ्या माणसाच्या नजरेच्या टप्प्याबाहेर, वर राहतो. लहान होडीतला माणूस मान वर करून आकाश पाहत वल्हे मारत नाही. तो पाण्याच्या रेषेवर पाहतो, आणि डोलकाठीच्या टोकावरचा ठिपका त्याला चांदणीसारखा किंवा पलीकडच्या टेकडीवरच्या घरातल्या दिव्यासारखा वाटतो. पणजीला मांडवीच्या पात्रात रात्री पाहावे. कॅसिनोच्या जहाजांच्या आणि काठाच्या झगमगाटापुढे एखाद्या होडीचा एकटा पांढरा दिवा शोधूनही सापडत नाही. म्हणूनच अनुभवी लोक दिवा डोलकाठीच्या पुढे, डेकपासून दोन-एक मीटर उंचीवर टांगतात. तिथे होडीचा पुढचा भाग, डोलकाठी आणि थोडे पाणीही उजळते. येणाऱ्याला नुसता ठिपका दिसण्याऐवजी होडी दिसते, आणि ती किती लांब आहे याचा अंदाज येतो.

टांगायची रीत सोपी आहे. डोलकाठीच्या टोकापासून नाळेपर्यंत ताणलेली तार असते. पुढचे शीड चढवायच्या दोराला दिवा बांधून तो तारेलगत वर घ्यायचा, आणि दिव्याच्या तळाला दुसरी दोरी बांधून ती खाली डेकला ताणून ठेवायची. ही खालची दोरी विसरली की दिवा रात्रभर झुलतो, तारेवर आपटतो आणि वायर जोडणीपाशी तुटते. डोलकाठीमुळे मागच्या बाजूला थोडी सावली पडतेच. म्हणून दिवा डोलकाठीला चिकटवू नये, हातभर तरी पुढे ठेवावा. टॉर्च उभा करून टांगणे हा उपाय नव्हे, त्याचा झोत एकाच दिशेला जातो. दिव्यावर ‘वॉटरप्रूफ’ असे नुसते लिहिलेले असेल तर त्यावर विसंबू नये. आयपी ६७ असा शिक्का पाहावा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही आत पाणी शिरत नाही. आणि दिवा लावल्यावर उलट बाजूने, दुसऱ्या होडीतून, बसल्या नजरेने त्याच्याकडे एकदा पाहून यावे. आपल्या होडीतून तो नेहमीच झकास दिसतो.

विजेच्या आधी हे काम कंदिलाचे होते. वाऱ्यात न विझणारा, रात्रभर पुरणारा आणि गरिबाला परवडणारा दिवा कसा करावा, या प्रश्नावर वर्ध्यातच काम झाले आहे. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते, आणि मगनवाडीत खनिज तेलाऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तयार करण्यात आला. तो होडीसाठी नव्हता, खेड्यातल्या घरासाठी होता. पण दिवा निवडताना आधी तेल कुठून येणार, किती पुरणार आणि वात कोण सांभाळणार हे विचारायची ती शिस्त होडीवरच्या दिव्यालाही लागू पडते. आज लाकडी किंवा फायबरच्या होडीत पेटता कंदील ठेवू नये, आणि पेट्रोलचे इंजिन असेल तर मुळीच नाही.

रंगाबद्दल सक्त राहावे. गणपती-दिवाळीच्या रंगीत माळा होडीवर सोडल्या जातात, त्या पाण्यावर खोटे बोलतात. लाल दिवा म्हणजे चालत्या नौकेची डावी बाजू, हिरवा म्हणजे उजवी. पांढऱ्यावर लाल म्हणजे मासेमारी करणारी नौका, पांढऱ्यावर हिरवा म्हणजे जाळे ओढत चाललेला ट्रॉलर. लुकलुकणारा दिवाही नको. लखलखणारे दिवे टाळावेत असे नियमच सांगतो, कारण पाण्यावरच्या खुणेच्या दिव्यांशी त्यांची गल्लत होता कामा नये. समुद्रावर रेडिओ बाळगणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: काही एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ रेडिओत खरखर येते आणि हाक ऐकू येत नाही, असा इशारा अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ साली दिला होता. दिवा लावून आणि बंद करून रेडिओ ऐकला की लगेच कळते.

आणि धुके. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जलाशयावर धुके उतरते, तेव्हा २ मैलांचा दिवा पन्नास पावलांवरही दिसेलच असे नाही. अशा वेळी नियम आवाजावर भिस्त ठेवतो. १२ मीटरपेक्षा लहान नौकेने घंटेऐवजी दुसरे कुठलेही परिणामकारक साधन वापरले तरी चालते, पण आवाज दर दोन मिनिटांच्या आत झाला पाहिजे. स्टीलची थाळी आणि पळीसुद्धा चालेल, फक्त ती वाजवायला कोणीतरी जागे हवे. जलाशयांवर नौकाविहार चालवणाऱ्यांना, मासेमार सहकारी संस्थांना आणि हौसेने होडी ठेवणाऱ्यांना माझी विनंती आहे: या हिवाळ्यात लाइफ जॅकेट मोजताना प्रत्येक होडीमागे एक पांढरा दिवा, एक राखीव टॉर्च आणि एक घंटा मोजून घ्या, आणि रात्री पाण्यावर उभी राहणारी होडी सूर्यास्तानंतर दिव्याशिवाय ठेवू नका.