पाहुणा विचारतो, "इथं बघण्यासारखं काय?"



पावसाळा सरला, होड्यांना रंग लागला आणि पाळोळेच्या वाळूवर पुन्हा पाहुणे दिसू लागले. होडीत पाय ठेवता ठेवता प्रत्येकजण विचारतो, "भाऊ, इथं बघण्यासारखं काय?" आपले पोरगे "डॉल्फिन" म्हणतात आणि गप्प बसतात. अहो, आपल्या काणकोणात दाखवायला खूप आहे. म्हणून हे थोडक्यात लिहीत आहोत. घरात सगळ्यांनी वाचा.

काणकोण बेट: पाळोळेच्या उत्तर टोकाला. सुकतीला चालत जाता येतं, पण भरती कधी ते आधी सांगा. परतीला पाणी चढलं की पाहुणा घाबरतो.

फुलपाखरू किनारा (बटरफ्लाय बीच): उत्तरेला, डोंगराच्या कुशीत छोटासा. बहुतेक पाहुणे होडीनंच येतात. खडक आहेत. लाट मोठी असेल तर सरळ "आज नाही" म्हणा.

आगोंद आणि गालजीबाग: इथं समुद्री कासवं अंडी घालायला येतात. ऑलिव्ह रिडले एका वेळी साधारण शंभर अंडी घालते, पिल्लं यायला दीड-दोन महिने लागतात. रात्री बॅटरी, फटाके, शेकोटी नको. उजेडानं पिल्लं भरकटतात. जाळी आणि होड्याही घरट्यांपासून लांब ठेवूया.

खोलगड (काब द राम): राम-सीता वनवासात इथं राहिले अशी आख्यायिका. सोंदेकर राजांकडून 1763 मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. आत सेंट अँथनीचं चर्च आहे. तटावरून दर्या बघितला की पाहुणा खूश.

श्रीस्थळचा मल्लिकार्जुन आणि खोतीगाव अभयारण्य: ज्यांना दर्या लागतो त्यांना इकडे पाठवा. सुमारे 86 चौरस किलोमीटर जंगल आहे.

आता डॉल्फिनचं. दिसतीलच अशी हमी देऊ नका. दिसले तर इंजिन मंद करा, कळपात होडी घालू नका, चारी बाजूंनी घेरू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात डॉल्फिन आणि हे कासव दोन्ही पहिल्या परिशिष्टात आहेत. दंडाची गोष्ट सोडा, रोज पाठलाग केला तर ते लांब जातील आणि आपली फेरीही जाईल.

एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. गेल्या मोसमात आपल्याच एका होडीत परवान्यापेक्षा तीन माणसं जास्त बसली. जॅकेटं फळीखाली बांधलेली. फुलपाखरू किनाऱ्याजवळ लाट आली, होडी कलली. देवाच्या कृपेनं सगळे वाचले. पण इंजिनात पाणी गेलं आणि नाताळचे दिवस, ज्यावर त्या घराचं वर्ष निघतं, ते कोरडे गेले. तीन जादा माणसांचं भाडं किती झालं असतं? विचार करा. आम्ही कुणाला दोष देत नाही, त्या दिवशी किनाऱ्यावर उभे राहून आम्हीही गप्पच बसलो होतो.

म्हणून ठरवूया: बंदर कप्तान खात्याचा परवाना होडीवर ठेवायचा, माणसं मोजून घ्यायची, जॅकेट अंगावर, फळीखाली नव्हे. भाडं आधी सांगायचं, मध्येच वाढवायचं नाही.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बांगडा-तारली लागली नाही तर त्याआधीचेही दिवस पातळ. अशा वेळी पाहुण्याचे पैसे चुलीला लागतात, हे खरं. पण पाहुणा पैसे देऊन निघून जातो. दर्या, वाळू आणि आपलं नाव इथंच राहतं. उद्या आपल्या मुलांना याच किनाऱ्यावर होडी ओढायची आहे.

शेजारच्या होडीत माणसं जास्त दिसली तर यंदा तरी गप्प बसू नका. भांडण नको, दोन शब्द सांगा.


— सचिव, आपल्या संस्थेतर्फे